बाळाच्या डोक्याच्या सोनोग्राफीत काळं दिसतं ते काय असतं?

20 व्या आठवड्याच्या सोनोग्राफीत डोक्याचा बराचसा भाग काळा दिसला, ते पाणी तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं सोनोग्राफी करतेय, हा प्रश्न नेहमी येतो. तो काळपट भाग म्हणजे बहुतेक मेंदूच. या वयात तो पाणीदार आणि बराच गुळगुळीत असतो, वळ्या पुढे पडत जातात. पांढरं चमकतं ते कवटीचं हाड आणि व्हेंट्रिकलमधला (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीतला) कोरॉइड प्लेक्सस, म्हणजे तो द्रव तयार करणारा भाग. शिवाय प्रोबच्या (पोटावर फिरवतात त्या उपकरणाच्या) जवळची बाजू कवटीच्या प्रतिध्वनींमुळे धुरकट येते, म्हणून व्हेंट्रिकल सहसा पलीकडच्या बाजूचं मोजतात.

सगळ्यांची नजर बीपीडीवर, म्हणजे डोक्याच्या रुंदीच्या मापावर जाते. माझ्या मते तिला फाजील महत्त्व मिळतं. बाळ पायाळू असेल तर डोकं लांबट होऊन बीपीडी कमी भरू शकते, एचसी (डोक्याचा घेर) मात्र व्यवस्थित असते.

मी आधी सीएसपी (कॅव्हम सेप्टाय पेल्युसिडाय) शोधते. कपाळाकडच्या बाजूला, मधल्या रेषेवर द्रवाने भरलेली ही छोटी चौकट साधारण 18 ते 37 आठवड्यांत दिसायलाच हवी. तिची घडण कॉर्पस कॅलोझमशी (मेंदूचे दोन अर्धे जोडणाऱ्या पट्ट्याशी) जोडलेली असते, त्यामुळे ती सापडली नाही तर मेंदूचा मधला भाग बारकाईने तपासावा लागतो. नवशिके इथे हमखास फसतात: छेद (पडद्यावर दिसणारा डोक्याचा आडवा काप) जरा खाली गेला की फोर्निक्सच्या (तिथल्याच मज्जातंतूंच्या जुडग्याच्या) तीन समांतर रेषा दिसतात आणि त्यांनाच सीएसपी समजलं जातं. सीएसपीत रेषा दोनच, मध्ये द्रव.

व्हेंट्रिकलची रुंदी ॲट्रियमपाशी (त्याच्या मागच्या रुंद भागापाशी) 10 मिमीच्या आत हवी. ही मर्यादा आठवड्यांप्रमाणे वाढत नाही, शेवटपर्यंत तीच राहते. मागच्या बाजूला सेरेबेलम (लहान मेंदू). 20 व्या आठवड्याच्या आसपास त्याची रुंदी मिलिमीटरमध्ये जवळपास आठवड्यांइतकीच भरते. त्यामागचा सिस्टर्ना मॅग्ना (द्रवाची जागा) 2 ते 10 मिमी.

कोरॉइड प्लेक्ससमध्ये सिस्ट (द्रवाची छोटी पिशवी) लिहिली असेल आणि बाकी सगळं नॉर्मल असेल, तर ती बहुधा आपोआप विरते, बाळाच्या बुद्धीशी तिचा संबंध नाही. सोबत आणखी काही वेगळं दिसलं तर मात्र ट्रायसोमी 18 चा (18 वं गुणसूत्र एक जास्त असण्याच्या गंभीर दोषाचा) विचार करतात, तेव्हा डॉक्टरांशी सविस्तर बोला.

आणि डोकं ओटीपोटात खोल असल्यामुळे पुन्हा बोलावलं असेल तर घाबरू नका. बाळ वळलं की तेच छेद सहज मिळतात.