चिप कारखान्यांचं अनुदान आणि माहितीचा अर्ज

माहिती अधिकाराच्या अर्जात ‘सेमीकंडक्टर (चिप) उद्योगाला किती अनुदान दिलं?’ असं मोघम विचारू नका. 76,000 कोटींच्या योजनेचं 2021चं प्रसिद्धिपत्रक तेवढं हाती पडेल. एकच प्रकल्प धरा. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीचा गुजरातमधल्या साणंदचा चिप प्रकल्प घ्या: खर्चाच्या 50 टक्के केंद्राचे, 20 टक्के गुजरातचे. म्हणजे अर्जही दोन. केंद्राच्या पोर्टलवर राज्याचा प्रश्न टाकलात तर अर्जाच्या फीचे दहा रुपये गेलेच समजा.

कारणं विचारत बसू नका, कागद मागा: मंजुरीपत्र, हप्ते सोडल्याचे आदेश, त्यांच्या तारखा. करार मागितलात की माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8मधलं व्यापारी गुपिताचं कारण पुढे येणारच. माझ्या मते ही अधिकाऱ्यांची सगळ्यात लाडकी ढाल. म्हणून अर्जातच लिहा, ‘गोपनीय मजकूर वगळून उरलेला भाग कलम 10नुसार द्यावा.’ कलम 11खाली कंपनीचं म्हणणं मागवलं, तर उत्तराची मुदत 30ची 40 दिवस होते. तेवढं थांबा. मात्र कंपनीचा आक्षेप म्हणजे अंतिम निकाल नव्हे, निर्णय माहिती अधिकाऱ्यानेच द्यायचा असतो. नकार आला तर 30 दिवसांत पहिलं अपील करा. केंद्रात त्याला फी नाही.