देशी मिरचीशेजारी सिमला मिरची लावली तर तिखटपणा उतरतो का?

प्रश्न: गडहिंग्लजच्या मावशीने संकेश्वरी मिरचीचं बी दिलंय. कोथरूडला गच्चीवर कुंडीत लावायचंय. कधी पेरू? शेजारी सिमला मिरची आहे, तिच्यामुळे संकेश्वरीचा तिखटपणा उतरेल का?

उत्तर:

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण या एका गैरसमजावरून पुण्यात गच्चीबाग करणाऱ्या किती जणांशी वाद घातलाय त्याला गणती नाही.

यंदा काहीही उतरणार नाही. मिरचीची साल आणि आतली पांढरी शीर दोन्ही आईझाडाची असतात, आणि तिखटपणा त्या शिरेतच तयार होतो. परागकण कुठल्याही झाडावरून येवो, त्याचा वाटा फक्त बीच्या आतल्या अंकुरात. तेव्हा ‘शेजारी लवंगी लावली म्हणून सिमला तिखट झाली’ हे साफ चूक आहे. तसं झालं असेल तर पाकिटातलं बीच आधी संकरित झालेलं होतं.

घोळ होतो तो पुढच्या वर्षी. तिखटपणाचा गुण प्रबळ असतो, म्हणून संकेश्वरी आणि सिमलाच्या संकराची पहिली पिढी सगळी तिखटच निघते आणि माणूस निर्धास्त होतो. फळ मात्र आखूड आणि जाड सालीचं येतं, वाळवताना त्याला बुरशी धरते. त्याचं बी धरून पुन्हा लावलं की साधारण चारातलं एक झाड सपक निघतं. मग दोष मातीला, पाण्याला, पुण्याच्या हवेला. पाणी आणि ऊन यांनी तिखटपणा थोडा कमीजास्त होतो, पण तिखट जातीचं झाड त्याने सपक होत नाही.

मिरचीचं फूल स्वतःच्या परागावर फळतं हे खरं, तरी मधमाश्या पराग इकडचा तिकडे नेतातच. प्रमाणित बियाण्यासाठी दोन जातींत २०० मीटर अंतर ठेवतात. तुमची सिमला तुम्ही उपटाल, पण खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीतल्या मिरचीचं काय करणार? म्हणून पिशवी बांधा. एकही फूल उमललेलं नाही अशी फांदी निवडा, आधीची फळं असतील तर खुडा, आणि तिच्यावर मलमलची किंवा ऑर्गन्झाची पिशवी चढवून देठाशी सैल दोरा बांधा. रोज सकाळी फांदीला दोन टिचक्या मारा, पराग आपोआप पडतो. चार-पाच फळं धरली की पिशवी काढा आणि त्या फळांच्या देठाला लाल लोकर बांधा. ही खूण विसरलात तर मिरच्या फोडणीत जातील. फळ पूर्ण लाल झाल्यावर आणखी आठवडाभर झाडावर राहू द्या. बी सावलीत, ताटलीवर वाळवा. वाकवल्यावर वाकण्याऐवजी कटकन मोडलं की वाळलं. मग काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, तारीख लिहून, थंड जागी ठेवा. हिरव्या मिरचीचं बी धरू नका, ते कच्चं असतं.

आता पेरणी. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरा. मिरचीच्या बीला २५ ते ३० अंश ऊब लागते. डिसेंबरात पुण्याच्या थंडीत ते तीन-तीन आठवडे पडून राहतं आणि कुजतं. अर्धा सेंटिमीटर खोल, कोकोपीट आणि गांडूळखत समभाग, ट्रे पावसाच्या आडोशाला पण उजेडात. आठ ते बारा दिवसांत उगवतं. रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडली तर पाणी जास्त झालंय; ट्रे खालून पाण्यात ठेवून भिजवा, वरून ओतू नका. साधारण चाळीस दिवसांनी, पाच-सहा पानांवर, बारा इंची कुंडीत एकेकच रोप लावा. दोन भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. नुसती काळी माती भरू नका, ती कुंडीत दगडासारखी बसते. या वेळापत्रकाने फुलं पाऊस सरताना येतात आणि लाल मिरची कोरड्या हवेत मिळते. उन्हाळ्यात पारा ३५च्या वर गेला की फुलं गळतात, त्यावर कुठलंही टॉनिक मारू नका.

पानं आकसली की सगळे ‘बोकड्या’ रोग म्हणून मोकळे होतात. आधी पान बघा. कडा वर वळून होडीसारखं झालं तर फुलकिडे. निंबोळी तेल लिटरला ५ मिली, चार थेंब साबण घालून, संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. कडा खाली वळून देठ लांबले तर कोळी ही बारीक कीड. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ते ३ ग्रॅम, पण निंबोळी तेलानंतर दोन आठवडे थांबून आणि कडक ऊन टाळून. पानं बारीक, पिवळट, झाड खुजं राहिलं तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे. ते झाड उपटा, त्याचं बी धरू नका.

एक सांगायचं राहिलं. मावशीच्या शेताला लागून दुसऱ्या मिरचीचं रान असेल तर तुमच्या हातातलं बीही मिसळलेलं असू शकतं, तेव्हा तिला आधी विचारा. निदान आठ रोपं लावा आणि पहिली फळं बघून लांब, सुरकुतलेली, पातळ सालीची मिरची देणाऱ्या झाडांनाच पिशवी बांधा. सगळं बी एकदम पेरू नका. निम्मं बाटलीत ठेवा, नीट वाळलेलं असेल तर दोन-तीन वर्षं सहज उगवतं.