मुलगा कुणालाच काही देत नाही, त्याला वाटून घ्यायला कसं शिकवावं?

साडेतीन वर्षांचा मुलगा खेळण्यांना कुणाला हात लावू देत नाही, खाऊ मुठीत धरून बसतो आणि पाहुण्यांसमोर तुम्हाला अवघडल्यासारखं होतं, असं तुम्ही लिहिलंय. मी गेली १६ वर्षं बालवाडीत शिकवते. असं मूल दरवर्षी वर्गात असतंच, तेव्हा आधी काळजी सोडा. 'माझं' हा शब्द त्याला नुकताच सापडलाय. "दे रे त्या ताईला" म्हणत हातातून ओढून घेतलं, तर पुढच्या वेळी मूठ आणखी घट्ट होते.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीला मी वर्गात तक्ता लावला होता. डबा वाटून खाल्ला की नावापुढे चांदणी. आठवडाभरात मुलं घास पुढे करून माझ्याकडेच बघायला लागली, "ताई, मी दिलं, चांदणी द्या!" ज्याला दिलं त्याच्याकडे कुणाचं लक्षच नाही. मी तक्ता काढून टाकला. बऱ्याच दिवसांनी वाचलं, की वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी २००८ साली वीस महिन्यांच्या बाळांच्या बाबतीत असंच काहीसं दाखवलंय. मदतीबद्दल ज्यांना वस्तू बक्षीस मिळाली, ती बाळं पुढे मदत कमी करू लागली. नुसतं कौतुक झालेल्यांचं किंवा काहीच न मिळालेल्यांचं तसं झालं नाही.

मग करायचं काय? लक्ष ठेवायचं. मुलं देतात, पण इतकं गुपचूप की आपल्याला दिसत नाही. एका जूनमध्ये नवीन आलेला मुलगा डबा न उघडता रडत होता. शेजारच्या चार वर्षांच्या मुलीने आपला शेंगदाण्याचा लाडू फ्रॉकच्या टोकात धरला, चिमणीच्या दातांनी तोडला आणि एक तुकडा त्याच्या झाकणावर ठेवला. लहान तुकडा त्याला, मोठा स्वतःला. "मोठा दे" असं मी म्हटलं नाही. "शहाणी माझी बाय" हेही ओठांवर आलेलं गिळलं. एवढंच म्हणाले, "तू त्याला लाडू दिलास. बघ, रडायचा थांबला." ती कितीतरी वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी डबा उघडायच्या आधी तिने तो कुठे बसलाय ते शोधलं.

घरी वाटायचं काम त्याच्याच हाती द्या. आरतीनंतर प्रसादाची वाटी, संक्रांतीला तिळगुळाचा डबा. शेजाऱ्यांची वाटी आपण रिकामी परत करत नाही ना, तर त्यात काय घालायचं ते त्याला ठरवू द्या, बेलही त्यालाच वाजवू द्या. चार बोरं घातली तरी चालतील.

पाहुणे यायच्या आधी त्याला विचारा, "कुठली दोन खेळणी कुणालाच द्यायची नाहीत?" ती कपाटात ठेवून द्या. मग उरलेल्यांवरून भांडण बरंच कमी होतं.

आणि घरातल्या आजीआजोबांना एक सांगून ठेवा. मुलाने अर्धं बिस्कीट पुढे केलं की आपण मायेने म्हणतो, "नको रे राजा, तूच खा." तसं म्हणू नका. ओलं असो, उष्टं असो, घ्या आणि त्याच्यासमोर खाऊन टाका.