चहा उकळेपर्यंत टाचा उचल

प्रिय पोरा,

परवा फोनवर तू म्हणालास ना, दिवसभर खुर्चीतच असतो तरी संध्याकाळी हमाली केल्यासारखं अंग गळून जातं, आणि पावसाळा लागल्यापासून तिसऱ्यांदा सर्दी झालीय, तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय म्हणून आज लिहायलाच बसलो. जिमचं वर्षाचं पॅकेज घेऊ का विचारलंस. आत्ता नको. आधी खुर्चीतून उठायची सवय लाव.

बसून थकवा कसा येतो ते ऐक. पोटऱ्या आवळल्या की पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं, तासन्‌तास पाय लोंबकळत ठेवलेस की ते काम थंडावतं. लिंफचंही, म्हणजे अंगात नळ्यांतून फिरणाऱ्या पाणीदार द्रवाचंही, तसंच, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यातून फिरतात पण त्याला हृदयासारखा पंप नाही, स्नायू हलले आणि श्वास खोल घेतला की ते नीट पुढे सरकतं.

म्हणून सकाळी गॅसवर चहा ठेवलास की ओट्याला दोन बोटं टेकव, टाचा सावकाश वर घे, दोन अंक थांब आणि त्याहून सावकाश खाली आण, धपकन आपटायच्या नाहीत. उकळी येईपर्यंत वीस सहज होतात. पोटऱ्या भरून येतील दोन दिवस, येऊदेत. ऑफिसात तासाला एकदा उठून हेच कर, बाटली भरायला जातोसच की.

मग सूर्यनमस्कार. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या शाळांमध्ये ते रुजवले, आपल्याकडे पोरं मैदानावर रांगेत घालतात त्यामागे त्यांचे खूप कष्ट आहेत. तू चारच घाल, पण खरे घाल. सगळे चुकवतात ते साष्टांगात. पायाचे चवडे, गुडघे, तळहात, छाती आणि कपाळ जमिनीला, पोट मात्र टेकवायचं नाही, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. घाईत पोरं सरळ पालथी पडतात, मग दंडाला काही कामच उरत नाही. श्वास नाकानंच. दर आठवड्याला एक वाढव, बारा झाले की बास.

भराभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम आठवड्याला निदान 150 मिनिटं हवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास चाल. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही.

आता इम्युनिटीचं. भराभर चाललास की पांढऱ्या पेशी रक्तात जास्त फिरायला लागतात, पण काही तासांत ते परत पहिल्यासारखं होतं, म्हणून रविवारी दोन तास घाम गाळून सहा दिवस लोळण्यापेक्षा रोजचं थोडं बरं. यानं आजार होणारच नाही असं मी तुला सांगणार नाही, लस घ्यायचीच आणि सात तास झोपायचंच. रात्री दोनपर्यंत मोबाईल बघून सकाळी नमस्कार घातलेस तर अंग साथ कसं देणार?

एक मात्र ऐकच, ताप असेल, अंग दुखत असेल, छातीत कफ असेल तर व्यायाम बंद. तरुणपणी मी तापात मैदानावर उतरलो आणि पंधरा दिवस अंथरुणाला खिळलो, आईनं रात्र रात्र जागून काढली. नुसतं नाक वाहत असेल तर हळू चाल, पुरे. आणि ही सर्दी सारखी सारखी होतेय तर एकदा डॉक्टरला दाखवून घे, अंगावर काढू नकोस.

शनिवारी येशील तेव्हा अंगणात चार नमस्कार घालून दाखव, कोपरं मी बघतो.

तुझे
पीटीचे सर