आधी प्रकाश, मग मटेरियल

तुझे रेंडर (घराच्या थ्रीडी मॉडेलवरून संगणकाने तयार केलेली चित्रं) पाहिले. मॉडेल नेटकं आहे, पण सगळीकडे सारखाच उजेड असल्यामुळे चित्र सपाट वाटतं. टेक्स्चर (लाकूड, दगड अशा पृष्ठभागाचं चित्र) लावण्याआधी अख्ख्या मॉडेलला एकच करडं मटेरियल दे आणि फक्त प्रकाशावर काम कर. करड्यात जे दृश्य जमत नाही, ते कितीही भारी लाकडाच्या टेक्स्चरने सावरत नाही.

संध्याकाळ हवी असेल तर सूर्य मावळल्यानंतरची वेळ घे. आकाश निळसर, आतले दिवे साधारण २७०० केल्व्हिनचे (प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळसर). या फरकामुळेच घर आतून उबदार दिसतं. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते ठरवणारी सेटिंग) मात्र मधे, ४००० च्या आसपास ठेव. पार २७०० वर नेलास तर दिवे पांढरे पडतील आणि आकाश भडक निळं होईल. अंधारे कोपरे अंधारेच राहू देत, तिथे जादा दिवे टाकायचा मोह आवर.

धुकं थेट रेंडरमध्ये घालू नकोस. झेड-डेप्थ पास (प्रत्येक गोष्ट कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते करड्या छटांत दाखवणारं चित्र) वेगळा काढ, म्हणजे नंतर हवं तसं कमी-जास्त करता येतं. खिडकीतून येणारे किरण दाखवायचे असतील तर मात्र व्हॉल्युमेट्रिक (रेंडरमध्येच घातलेलं, प्रकाश पकडणारं धुकं) लागतंच, कारण डेप्थ पासमध्ये फक्त अंतर असतं, प्रकाश नसतो.

कॅमेरा १.६ मीटर उंचीच्या आसपास, उभ्या रेषा सरळ. कडांना दोन-तीन मिलिमीटरचा बेव्हल (धार मोडणारा हलका उतार) दे. कडेवर प्रकाशाची बारीक रेघ उमटली की भिंत खरी वाटू लागते. माणसं एक-दोनच आणि शक्यतो पाठमोरी, कारण चेहरा दिसला की नजर वास्तूवरून उडते.