निवेदन बाजूला ठेवा, गल्लीची यादी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या पूर्व भागात विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत तुमचं मंडळ आहे. वस्तीतली गरिबी कमी करायला महापालिकेबरोबर काम करायची तुमची तयारी आहे. त्यासाठी दोनदा निवेदन दिलंत, पोच मिळाली, पण पुढे काहीच हललं नाही. आता काय करावं?

मी या शहरात बरीच वर्षं समूह संघटिका म्हणून वस्त्यांत फिरले. बचत गट बांधणं, अर्ज भरून घेणं, शिबिरं लावणं हेच माझं काम होतं. त्या अनुभवावरून सांगते. "वस्तीतील गोरगरिबांना योजनांचा लाभ मिळावा" अशा निवेदनावर कोणालाही काही करता येत नाही. तो अर्ज कुठल्या टेबलाचा, हेच ठरत नाही. योजना माणसाच्या नावाने मंजूर होते, वस्तीच्या नावाने नाही. लोकशाही दिनाचंच बघा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो असतो, अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि तिथे वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार घेतात. म्हणून निवेदन बाजूला ठेवा आणि घरोघरची यादी करा.

हे काम तुमच्याइतकं चांगलं दुसऱ्या कोणाला जमणार नाही. गणपतीला आणि मार्कंडेय रथोत्सवाला तुमची पोरं दर घरी वर्गणीला जातात. कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणाचा नवरा दारू पितो, कोणाची मुलगी सातवीतून घरी बसून विड्या वळायला लागली, हे त्यांना ठाऊक असतं. महापालिकेचा माणूस कितीही चांगला असला तरी त्याच्याकडे एवढ्या वस्त्या असतात की तो तुमच्या गल्लीत वर्षातून एकदोनदाच येणार. माहिती तुमच्याकडे आहे आणि सही-शिक्का त्यांच्याकडे. या दोन गोष्टी एका टेबलावर आल्या की काम होतं.

माझ्या एका वस्तीतली गोष्ट सांगते. एक अक्का उंबऱ्याशी बसून विड्या वळत होत्या. मांडीवर सूप, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. बोलतानाही हात थांबत नव्हता, कारण हजार विड्यांचा हिशेब संध्याकाळपर्यंत पुरा करून ब्रँचला, म्हणजे कारखान्याच्या विड्या जमा करायच्या केंद्रात, द्यायचा होता. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. विधवा म्हणून पेन्शनचा फॉर्म तोवर चार वेळा वेगवेगळ्या लोकांनी भरून नेला होता आणि चारही वेळा मृत्यू दाखल्यावर अडला होता. सगळे तिला "महापालिकेतून दाखला आणा" म्हणत, आणि महापालिकेच्या रजिस्टरमध्ये नाव सापडत नव्हतं. मी माझ्या मोडक्या तेलुगूत विचारलं, ते गेले कुठे? तर कळलं, मूळ गावी, पार तेलंगणात. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथेच होते, त्यामुळे सोलापुरात ती सापडणारच नव्हती. गल्लीतला एक मुलगा लग्नासाठी त्याच बाजूला जाणार होता. त्याने येताना दाखला आणला आणि अर्ज पुढे गेला. तीन वर्षांत कोणी तिला साधं एवढं विचारलं नव्हतं.

म्हणून यादीत शेवटचा रकाना ठेवा: "अडलंय कुठे?" बाकीचे रकाने सोपे आहेत. घरात माणसं किती, कमावणारे किती, रेशनकार्ड पिवळं की केशरी, विडी कार्ड (विडी कामगाराचं ओळखपत्र) आहे का, बँकेत खातं आहे का, घर स्वतःचं की भाड्याचं, शाळा सुटलेली मुलं, एकटी बाई, म्हातारं माणूस, दिव्यांग. शेवटचा रकाना भरायला मात्र बसावं लागतं, चहा घ्यावा लागतो, दुसऱ्यांदा जावं लागतं. आपल्याकडे बहुतेक वेळा नावं अडवतात. आडनाव आधी की नंतर, माहेरचं की सासरचं, विडी कार्डावर एक आणि आधारवर दुसरं. त्यावरून पीएफ अडकतो, मुलांची शिष्यवृत्ती अडकते. आणि वर्षानुवर्षं पानं हाताळून, धागा ओढून ज्यांची बोटं गुळगुळीत झाली आहेत, त्यांचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाही. अशी नावं वेगळी काढा. त्यांच्यासाठी आधार अद्ययावत करायचं शिबिर मागायचं.

दोन पथ्यं पाळा. आधार नंबर यादीत लिहू नका, नुसतं "आहे" किंवा "नाही" लिहा. आणि यादीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकू नका. एखाद्या घरावर कर्ज आहे किंवा एखाद्या बाईला नवऱ्याने टाकलंय, हे गावभर झालं तर पुढच्या वेळी कोणी दार उघडणार नाही.

यादी झाली की टेबलाप्रमाणे वाटा. निम्मी निवेदनं चुकीच्या दारात जातात, आणि ही चूक माझ्याकडूनही सुरुवातीला झाली आहे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ या पेन्शनच्या योजना तहसीलच्या. त्यांत सध्या दरमहा 1,500 रुपये मिळतात, दिव्यांगांना 2,500. रेशनकार्ड पुरवठा विभागाचं. विडी कार्ड आणि त्यावरचा दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती केंद्राच्या कामगार कल्याण खात्याकडे. महापालिकेकडे जन्म-मृत्यूचे दाखले, घरपट्टीची नोंद, नागरी आरोग्य केंद्र, महापालिकेच्या शाळा, फेरीवाल्यांची नोंदणी, बचत गट, पाणी आणि ड्रेनेज. म्हणजे महापालिकेकडे नेताना यादी छोटी होते आणि नेमकी होते. "या अकरा जणींना हे हवं, या सात जणांना ते हवं" असं सांगितलं की समोरचा अधिकारी कामाला लागतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आणि हे मागताना उपकार मागतोय असं मनात आणू नका. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. तिच्यामुळे आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी दारिद्र्य निर्मूलन आणि झोपडपट्टी सुधारणा ही शहराच्या स्थानिक संस्थेची कामं म्हणून लिहिली आहेत. महापालिकेच्या अंदाजपत्रकात महिला-बालकल्याणासाठी आणि दिव्यांगांसाठी प्रत्येकी 5 टक्के राखायचे असतात. त्यातून शिलाई मशीन घ्यायचं की प्रशिक्षण द्यायचं, हे ठरण्याआधी तुमची यादी तिथे पोचली पाहिजे. अंदाजपत्रक मार्चच्या आधी तयार होतं, तेव्हा डिसेंबरातच जा.

फेरीवाल्यांचा विषय तुमच्या वस्तीत असणारच. भाजीच्या गाड्या आहेत, कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकणाऱ्या बाया आहेत. 2014 च्या फेरीवाला कायद्यानुसार आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान 40 टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांनी निवडलेले हवेत, आणि त्यांत एक तृतीयांश महिला. महापालिका आणि गरीब माणूस एका टेबलावर बसतील अशी कायद्याने दिलेली ही जागा आहे, आणि तिच्याकडे कोणी फारसं बघत नाही. तुमच्या गल्लीतली एक बोलकी भाजीवाली तिथे गेली तर मंडळाच्या दहा निवेदनांपेक्षा जास्त काम होईल. नोंदणी झाली की फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेचं कर्जही मिळतं. आता पहिला हप्ता 15,000 चा आहे, वेळेत फेडलं की 25,000 आणि मग 50,000. बाजारात दिवसाच्या बोलीने सावकाराचा पैसा घेणाऱ्या बाईला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मोठी उदाहरणं हवी असतील तर पुण्यात बघा. कचरा वेचणाऱ्या बायांनी 1993 मध्ये संघटना बांधली. महापालिकेने 1996 मध्ये त्यांना ओळखपत्रं दिली, आणि पुढे 2008 मध्ये त्यांच्या सहकारी संस्थेशी घरोघर कचरा गोळा करण्याचा करार केला. संघटना आणि करार यांच्यामध्ये पंधरा वर्षं गेली. हे तुम्हाला नाउमेद करायला सांगत नाही. पण पहिल्या वर्षी करार हातात पडला नाही म्हणून मंडळ मोडू नका.

आपल्या दारातलं उदाहरण सोलापूरजवळच्या कुंभारीचं. विडी कामगार बायांचं दहा हजार घरांचं गोदूताई परुळेकर घरकुल 2006 मध्ये उभं राहिलं. नंतर रे नगर ही कामगारांची वसाहत झाली, तिथल्या 15,000 घरांचं लोकार्पण 19 जानेवारी 2024 रोजी झालं. कामगार संघटित होते, सहकारी संस्था होती, केंद्र आणि राज्याचं अनुदान होतं, म्हणून एवढं झालं. घर नावावर होणं ही फार मोठी गोष्ट आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे: घराबरोबर काम, शाळा आणि बस यांचा विचार त्याच वेळी व्हायला हवा. ज्या बाईला रोज विड्या ब्रँचला पोचवायच्या आहेत, तिच्या दिवसातला एक तास प्रवासात गेला तर तेवढ्या विड्या कमी होतात. तुमच्या यादीत "कामाची जागा किती लांब" हा रकाना घालाच.

बचत गटाबद्दल एक सांगते, राग मानू नका. गट काढा म्हटलं की दहा बाया जमतात, फोटो निघतो, कर्ज मिळतं, आणि वर्षभरात गट थंड पडतो. सगळ्याच बायांना धंदा करायचा नसतो. विडीचं काम सोडून पापड लाटायला लावलं तर रोजची ठरलेली मजुरी जाते आणि पापड विकेपर्यंत हातात काही येत नाही. आधी सहा महिने फक्त बचत करू द्या. आजारपणाला, शाळेच्या फीला आपल्याच गटातून पैसे उचलता आले की मग धंद्याचं बोला. माझे जे गट टिकले ते सगळे असेच सुरू झाले होते.

महापालिकेशी बोलताना एकच माणूस पुढे ठेवू नका. दोन बाया, एक तरुण, एक तेलुगू आणि मराठी दोन्ही नीट बोलणारं माणूस, एवढे चौघे जा. पुढची तारीख घेतल्याशिवाय उठू नका. काय ठरलं ते त्याच दिवशी अर्ध्या पानावर लिहून आवक-जावकला द्या, पोच घ्या. मार्च 2022 पासून बरीच वर्षं नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात ज्या वस्त्यांकडे असे लिहिलेले कागद होते त्यांची कामं सरकली. जिथे सगळं नगरसेवकाच्या फोनवर चालायचं तिथे सगळं थांबलं. नवे अधिकारी येतात, जुने बदलून जातात, आणि नव्या माणसाला तुमची फाइलच काय ती ओळखते.

एकदम सगळी वस्ती घेऊ नका. एक गल्ली घ्या, तीस-चाळीस घरं. रविवारी दुपारी जा. त्या वेळी विडीच्या ब्रँचची गडबड नसते आणि यंत्रमागावरचे पुरुषही घरी भेटतात. तेलुगू बोलणारी मुलगी बरोबर असू द्या, कारण बाया घरातली अडचण मुलांपेक्षा मुलीला लवकर सांगतात. पहिल्या दहा घरांचा शेवटचा रकाना भरला की इथेच लिहा, नावं न घालता. कुठला अर्ज कुठल्या टेबलावर न्यायचा ते मी एकेक करून सांगते.