तुमचे प्रश्न, जादूगारांची उत्तरं

प्रश्न : लहानपणी जत्रेत कपाटात उभ्या बाईचं पोट बाजूला सरकवलेलं पाहिलं. ही पेटी कुणाच्या डोक्यातली? (एक वाचक, सांगली)

उत्तर : रॉबर्ट हार्बिन यांच्या. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, १९०८ चा; नाव कमावलं लंडनमध्ये. ही 'झिगझॅग' पेटी त्यांनी १९६५ मध्ये आणली आणि जगभर तिच्या नकला झाल्या. जत्रेतली तुमची पेटीही बहुधा बिनपरवान्याचीच! शेवटी १९७० मध्ये त्यांनी आपल्या युक्त्यांचं पुस्तक मोजक्या ५०० प्रतींत काढलं. घेणाऱ्याला पेटी बनवायची मुभा.

मी माझी पेटी सुताराकडून सागवानात करून घेतली. इतकी जड, की मधला खण सरकवताना मलाच घाम फुटायचा. खरी गंमत रंगात आहे. काळे पट्टे असे ओढलेले, की पेटी आहे त्याहून अरुंद दिसते. बोटभर पट्टा चुकला आणि पुढच्या रांगेतलं पोरगं ओरडलं, "काका, जागा आहे की!" पुढचं गुपित मात्र विचारू नका.

हार्बिन १९७८ मध्ये गेले. कागदाच्या घड्यांचंही त्यांना वेड. ब्रिटनच्या ओरिगामी सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष. मधल्या खणातून मुलीचा हात रुमाल हलवतो ना, तिथे मी अजून मनातल्या मनात त्यांना नमस्कार करतो.